भातकुली तालुका आणि गावकीचे मतदान

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात खेड्यातल्या मतदाराच्या वाट्याला स्थानिक स्वराज्याची चार प्रकारची मते येतात. ग्रामपंचायतीचे सदस्य, थेट सरपंच, पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट. पहिली दोन मते एकाच दिवशी, एकाच यंत्रावर पडतात. उरलेली दोन वेगळ्या दिवशी, पण एकाच वेळी. भातकुली या तालुक्याच्या गावी मात्र मोजणी वेगळी. तिथे नगरपंचायत असल्यामुळे रहिवासी आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतात आणि जिल्हा परिषदेच्या मतदानातून बाहेर राहतात. ही व्यवस्था कागदावर वाचून समजते, पण ती का महत्त्वाची आहे हे कळायला तालुक्यातून एक फेरी मारावी लागते. इथले पाणी, इथली माती आणि कचेरीचे अंतर पाहिल्यावर मतदार कशासाठी रांगेत उभा राहतो ते उलगडते.

मुंबई-हावडा लोहमार्गावरचे बडनेरा जंक्शन हे या भागाचे दार. तिथून किंवा अमरावतीच्या बसस्थानकावरून पश्चिमेकडे निघाले की पंधरा-वीस किलोमीटरमध्ये भातकुली येते. शहराची वस्ती मागे पडते आणि दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीनची सपाट काळी शिवारे लागतात. गावाची बाहेरगावी ओळख आहे ती आदिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे. या अतिशय क्षेत्राला वऱ्हाडाबाहेरूनही यात्रेकरू येतात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याची भोजकट नगरी म्हणजेच हे गाव, अशी इथली जुनी श्रद्धा आहे. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, त्यामुळे दोन्ही ठिकाणांचे नाते लोक सहज जोडतात.

भातकुलीचे नाव तालुक्याला असले तरी तालुक्याची तहसील कचेरी कित्येक वर्षे अमरावती शहरातूनच चालत होती. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज अशा कोणत्याही कामासाठी पूर्णा नदीकाठच्या माणसाला आपले तालुक्याचे गाव ओलांडून शहर गाठावे लागे. कचेरी भातकुलीला आणावी की नाही यावर तालुक्यात मोठा राजकीय वाद झाला. शहराकडची गावे म्हणत, अमरावती सोयीची. भातकुलीच्या आसपासची म्हणत, तालुका आमचा तर कचेरीही आमच्याकडे हवी. दोन्ही बाजूंकडे खरी अडचण होती. स्थानिक निवडणुकीत कचेरीचे अंतर हा किती जिवंत मुद्दा असतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण जिल्ह्यात सापडणार नाही. भातकुली गाव बडनेरा विधानसभा मतदारसंघात मोडते. २००९ पासून तिथे रवी राणा निवडून येत आहेत आणि त्यांचा युवा स्वाभिमान पक्ष नगरपंचायतीच्या राजकारणातही उतरलेला आहे.

राज्य सरकारने २०१४ मध्ये तालुक्याच्या गावच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचा दर्जा देण्याचे धोरण आखले. भातकुली आणि तिवसा त्याच धोरणातून नगरपंचायती झाल्या. नगरपंचायतीत सतरा प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एक सदस्य येतो. प्रभाग इतके लहान असतात की उमेदवार जवळजवळ प्रत्येक मतदाराला नावाने ओळखतो आणि एका मोठ्या कुटुंबाची मते निकाल फिरवू शकतात. भातकुली आणि तिवसा या दोन्ही नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. कारण मधल्या काळात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचे मतदान पुढे ढकलावे लागले. एकाच गावात काही प्रभागांनी डिसेंबरात मत दिले, काहींनी संक्रांतीनंतर, आणि मतमोजणी सगळ्यांची एकदम झाली.

भातकुलीहून उत्तरेकडे खोलापूरच्या दिशेने निघाले की खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा पसरलेला आहे. वर काळी, चिकण, खोल माती आणि खाली क्षारयुक्त पाणी. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिताही येत नाही आणि पिकालाही चालत नाही. म्हणून इथला कास्तकार मुख्यतः पावसावर अवलंबून असतो. खरिपात कपाशी-तूर-मूग आणि हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर हरभरा. पिण्याचे पाणी दूरच्या धरणांवरून नळयोजनांनी आणले जाते. नळाला पाणी किती दिवसांनी येते हा प्रश्न या पट्ट्यातल्या प्रत्येक प्रचारसभेत निघतो, आणि तो निघायलाच हवा. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील ९३२ गावे स्वतंत्रपणे घेतली गेली. त्या प्रकल्पाच्या गावसमितीचे प्रमुखपद सरपंचाकडे होते. शेततळे कोणाचे, तुषार संच कोणाला, ही चर्चा सरपंचाच्या ओट्यावरून सुरू होत असे.

दुसरा मुद्दा पांदणीचा. गावातून शेतात जाणारी पांदण उन्हाळ्यात धुळीची वाट असते. मृगाचा एक जोराचा पाऊस पडला की तिथे बैलगाडी रुतते आणि ट्रॅक्टर फसतो. मुरूम टाकल्याशिवाय ही माती वजन पेलत नाही, आणि मुरूम या सपाट मुलखात जवळपास मिळत नाही. तो लांबून आणावा लागतो. कापूस घरी आणता येत नाही म्हणून वेचणी लांबली, असे दर पावसाळी वर्षी घडते. पांदण रस्त्यांसाठी राज्याने पालकमंत्री योजना आणि नंतर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. पण कोणती पांदण आधी, कोणाच्या धुऱ्यावरचे अतिक्रमण काढायचे, हे ग्रामपंचायतीतच ठरते. म्हणूनच शे-दोनशे घरांच्या गावातही सरपंचकीची लढत एवढ्या जिद्दीने होते. बाहेरच्यांना ती भाऊबंदकी वाटते. तिच्या मुळाशी बहुधा एखादी वाट किंवा एखादी जलवाहिनी असते.

निधीचे गणितही याच दिशेने बोट दाखवते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीला देण्याचे ठरले. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. पूर्वी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दारात ताटकळणारा सरपंच आता स्वतःच्या खात्यावरच्या रकमेचा आराखडा करतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावात पॅनल उभी राहतात. ग्रामविकास, परिवर्तन, शेतकरी अशी त्यांची नावे गावोगाव सारखीच असतात. उमेदवारांना चिन्हे मिळतात ती मुक्त चिन्हांच्या यादीतून. पॅनल कोणत्या नेत्याचे, हे गावाला ठाऊक असते, आणि निकालानंतर प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतो. ते आकडे एकत्र केले तर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींपेक्षा जास्तच भरतात.

निवडणूक लागली की पहिली गर्दी होते ती कागदपत्रांसाठी. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर अर्ज बाद होतो. घरी शौचालय असून त्याचा वापर होतो असा दाखला द्यावा लागतो. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र किंवा ते मिळवण्यासाठी केलेल्या अर्जाची पोच लागते. अर्ज संगणकावर भरायचा आणि त्याची छापील प्रत तहसीलमध्ये द्यायची, ही पद्धत आता रूढ झाली आहे. डिसेंबर २०२० च्या अखेरीस अर्ज भरताना यंत्रणा इतकी मंदावली की राज्य निवडणूक आयोगाला हाताने भरलेले अर्जही स्वीकारायची मुभा द्यावी लागली. त्यानंतर १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदानाचा कार्यक्रम होता. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदान उरकल्यावर काढली गेली. आधी पॅनल निवडून आणायचे आणि मग सोडतीत पद कोणाच्या वाट्याला येते ते पाहायचे, असा तो उलटा क्रम होता. थेट सरपंच निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. पाच वर्षांत तीनदा नियम बदलले की मतदाराचा गोंधळ होतो, आणि त्याचा तोटा सर्वात जास्त नवख्या उमेदवाराला होतो.

मतदान केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. एका प्रभागातून जास्तीत जास्त तीन सदस्य निवडले जातात. तीन जागा असतील तर मतदाराने तीन जागांसाठी तीन बटणे आणि सरपंचासाठी चौथे दाबायचे असते. गोंधळ होऊ नये म्हणून यंत्रावरच्या मतपत्रिकांना रंग दिलेले आहेत. सर्वसाधारण जागेला पांढरा, अनुसूचित जातींच्या जागेला फिका गुलाबी, अनुसूचित जमातींच्या जागेला फिका हिरवा, मागास प्रवर्गाच्या (इतर मागासवर्गीयांच्या) जागेला फिका पिवळा आणि सरपंचाला फिका निळा. म्हाताऱ्या मतदारांना प्रचारात रंगांचा हा क्रमच पाठ करून दिला जातो. खर्चाची मर्यादा सदस्यासाठी पंचायतीच्या आकारानुसार २५,००० ते ५०,००० रुपये आणि सरपंचासाठी ५०,००० ते १,७५,००० रुपये अशी ठरवली गेली. वरीलपैकी कोणीही नाही हा पर्याय इथे नुसता नावाला नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार त्याला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. लोकसभा-विधानसभेत मतदाराला हा अधिकार नाही, गावात आहे. त्याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

तालुक्याच्या उत्तर भागात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी इथे मोठी यात्रा भरते. मुद्गलेश्वराचे मंदिर, नदीचा घाट, धर्मशाळा असा हा परिसर आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाडगेबाबांनी आपल्या लोकसेवेची सुरुवात इथेच केली. यात्रेकरू घसरून पडत त्या चिखलाच्या काठावर त्यांनी लोकांच्या श्रमातून घाट उभा केला. जिल्ह्यातल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले ते अमरावतीच्या वाटेवरच्या वलगावजवळ. राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे. उमेदवाराला आज शौचालयाचा दाखला द्यावा लागतो, त्यामागच्या विचाराची मुळे या घाटापर्यंत येऊन पोचतात.

गावाने एकत्र येऊन एखादा प्रश्न निकाली काढावा, ही कल्पना ऋणमोचनच्या वाळूत उभे राहिल्यावर फार जवळची वाटते. जगात काही ठिकाणी तिला मतपत्रिकेवरच जागा दिलेली आहे. अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांमध्ये उमेदवारांच्या नावांखाली प्रश्न छापलेले असतात. शाळेसाठी कर्ज काढायचे का, रस्त्यासाठी कर वाढवायचा का. मतदार हो किंवा नाही म्हणतो आणि ते बंधनकारक ठरते. महाराष्ट्रात असा रिवाज नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. इथे प्रश्नावर मत देण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही भातकुलीच्या कोणत्याही गावाला खुल्या आहेत.

पहिली वाट ग्रामसभेची. वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या तारखा रूढ आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पंचायतीचा विकास आराखडा आणि योजनांचे लाभार्थी ग्रामसभेपुढे यावे लागतात. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. ही पळवाट ज्यांना ठाऊक असते ते पहिली सभा मोडू देतात, आणि दहा-वीस लोकांत मोठे ठराव होऊन जातात. या वाटेचे सर्वात मोठे दुखणे हेच आहे.

दुसरी वाट दारूबंदीच्या मतदानाची. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. दुकान बंद होण्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. वेचणीला गेलेली, माहेरी असलेली, मृत्यूनंतरही यादीत नाव राहिलेली, अशा प्रत्येक बाईची अनुपस्थिती दुकानाच्या बाजूने मोजली जाते. कोणत्याही सरपंचाला, आमदाराला एवढे मोठे बहुमत मिळवावे लागत नाही. तरीही राज्यात अनेक गावांच्या बायांनी ते मिळवले आहे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घालणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखात या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. कपाशीच्या चुकाऱ्याचा पैसा घरी पोचतो की वाटेतच संपतो, हे तिच्यावर अवलंबून असते.

तिसरी वाट थेट निवडलेल्या सरपंचाला परत बोलावण्याची. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तरी सरपंच लगेच जात नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तिथे गुप्त मतदान होते. गावाने मान्यता दिली तरच पद रिकामे होते. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. ज्यांनी थेट निवडले त्यांनीच थेट काढावे, हा न्याय सरळ आहे.

खोलापूरहून अमरावतीला परतणारा दर्यापूर मार्ग खारतळेगाव, वलगाव असा येतो. वाटेवरचे प्रत्येक गाव जिल्हा परिषदेच्या कुठल्या ना कुठल्या गटात आणि पंचायत समितीच्या गणात आहे. एका गटात दोन गण. या व्यवस्थेमागे वऱ्हाडचा जुना अनुभव आहे. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवण्याचे धाडस दाखवले. निवडून आलेली जिल्हा संस्था समाज किती हलवू शकते हे या भागाने स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी पाहिले. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या. राज्यात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईकही विदर्भातलेच.

अमरावती जिल्हा परिषदेत १४ तालुक्यांतून ५९ सदस्य येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते निवडून आले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. कारण पुन्हा आरक्षणाचेच. विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी निकाल दिला की मागास प्रवर्गाच्या आरक्षणाला आयोगाची आकडेवारी हवी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाता कामा नये. त्या निकालाने वाशिम आणि अकोल्यासह काही जिल्हा परिषदांतल्या जागा रिकाम्या झाल्या. ही आकडेवारी देणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला, प्रभागरचनेचे वाद चालू राहिले, आणि ६ मे २०२५ रोजी न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात भातकुली तालुक्यातल्या खेड्यांना जिल्हा परिषदेत स्वतःचा सदस्य नव्हता. शाळेतले शिक्षक कमी पडले, आरोग्य उपकेंद्राला कुलूप दिसले, जोडरस्ता उखडला, तर अर्ज अधिकाऱ्याकडे जाई; सभागृहात उभे राहून जाब विचारणारे कोणी नसे. वित्त आयोगाचे अनुदानही निवडून आलेल्या संस्थेच्या अटीशी बांधलेले असते. ही पोकळी खेड्यांना महागात पडली.

मतमोजणी तालुक्याच्या ठिकाणी होते. सकाळपासून कचेरीबाहेर गावोगावची माणसे जमतात, एकेका ग्रामपंचायतीचा पुकारा होतो, आत गेलेले प्रतिनिधी वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर येतात. गुलाल बरोबर आणलेला असतो. मते समान पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. निकाल मान्य नसलेल्याला पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. निवडून आलेल्यांची पहिली सभा भरते तेव्हा सदस्य उपसरपंच निवडतात. सरपंच त्या सभेचा अध्यक्ष असतो आणि मते समान झाली तर त्याला निर्णायक मत असते. जिंकलेल्या आणि पडलेल्या प्रत्येक उमेदवाराला निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. तो दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले जाते, आणि निवडून आलेल्याचे पदही जाते.